स्टेबल की रोलिंग? घरच्या संगणकासाठी लिनक्स निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि पुष्कळ चांगले चालणारे लॅपटॉप लिनक्सकडे वळले. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार जुळणी, निवडताना लोक आयकॉन, थीम आणि डेस्कटॉप बघतात. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की ही डिस्ट्रो तुमच्या यंत्रावर बदल कधी आणि कसे आणते. पुढची उत्तरं अभ्यास, ऑफिसचं काम, बँकेचे व्यवहार आणि थोडे गेम अशा रोजच्या वापरासाठी आहेत. सर्व्हरचा विचार इथे केलेला नाही.

स्टेबल आणि रोलिंग या दोन पद्धतींत नेमका फरक काय?

स्टेबल पद्धतीत एका टप्प्यावर सगळी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार संच, गोठवली जातात, काही महिने तपासली जातात आणि मग आवृत्ती बाहेर येते. डेबियन १३ म्हणजे 'ट्रिक्सी' ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिच्यातला कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.१२ मालिकेतला आहे आणि तिच्या मूळ भांडारात (जिथून पॅकेजेस येतात) तो त्याच मालिकेत राहील. अधूनमधून येतात त्या सुरक्षेच्या आणि गंभीर बगच्या दुरुस्त्या. पुढची मोठी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी.

रोलिंगमध्ये आवृत्ती हा प्रकारच नसतो. आर्च, ओपनसुसे टम्बलवीड, व्हॉइड या डिस्ट्रोंमध्ये मूळ प्रकल्पाने नवं काही काढलं की थोड्या दिवसांत ते तुमच्यापर्यंत येतं. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते, म्हणजे वर्षात पाच-सहा वेळा तुमच्या यंत्राचा गाभाच बदलतो.

बदल कोणालाच चुकत नाही. स्टेबलवर दोन वर्षांचा बदल एकदम येतो, पण दिवस तुम्ही ठरवता. रोलिंगवर तो थोडा थोडा येतो आणि कोणत्या आठवड्यात काय येईल हे दुसरेच ठरवतात. निवड करताना हाच मुद्दा पहिला धरावा.

स्टेबलवर बग येत नाहीत का?

येतात, आणि आले की बरेचदा पुढच्या आवृत्तीपर्यंत मुक्काम करतात. साधी गैरसोय करणारा बग डेबियन सहसा मधेच दुरुस्त करत नाही, कारण त्या दुरुस्तीने दुसरं काही बिघडू शकतं. पण एकदा शोधलेला उपाय दोन वर्षं लागू पडतो. दुकानात बिलं काढणाऱ्याला किंवा प्रबंध लिहिणाऱ्याला हे फार मोलाचं असतं. रोलिंगवर तोच बग पंधरा दिवसांत जातो, आणि कधी त्याच अपडेटमधून नवा येतो.

जुन्या आवृत्त्यांचं सॉफ्टवेअर असुरक्षित नसतं का?

हा गैरसमज खूप पसरलेला आहे. डेबियन आणि उबुंटू सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. त्यामुळे आकडा जुना दिसतो, पण भोक बुजलेलं असतं. पॅकेजच्या नावामागे 'डेब१३यू१', 'डेब१३यू२' अशी शेपटी दिसली तर ती या दुरुस्त्यांचीच खूण. फायरफॉक्सचा अपवाद आहे. डेबियन त्याची दीर्घ आधार असलेली ईएसआर मालिका देते आणि ती वेळोवेळी पुढे सरकते.

उलट बाजूही बघा. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेला बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, उघडकीस आणला. त्या आवृत्त्या तोवर टम्बलवीड, आर्च, फेडोरा रॉहाइड आणि डेबियनच्या टेस्टिंग व अनस्टेबल या चाचणीच्या शाखांत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबलमध्ये आणि उबुंटूच्या प्रकाशित आवृत्त्यांत त्या नव्हत्याच. आर्चवर एसएसएच हा दूरवरून लॉगिन करू देणारा सर्व्हर त्या लायब्ररीला थेट जोडलेला नसल्याने ज्ञात हल्ला तिथे लागू पडत नव्हता, तरी पॅकेज घाईने बदलावं लागलं.

उबुंटू वापरणाऱ्यांनी एक काम करावं. 'युनिव्हर्स' भांडारातल्या पॅकेजेसच्या सुरक्षा दुरुस्त्यांची पूर्ण हमी उबुंटू प्रो या योजनेतून मिळते. वैयक्तिक वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे, तेव्हा खातं काढून ती चालू करा.

उबुंटू, मिंट आणि फेडोरा कुठे बसतात?

उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची, आवृत्ती सम वर्षांत एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षांचा आधार असतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. घरच्या यंत्रावर मधली आवृत्ती टाकण्याचं कारण आम्हाला तरी दिसत नाही. लिनक्स मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि २०२९ पर्यंत चालेल.

फेडोरा या दोन टोकांच्या मधोमध आहे. नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, प्रत्येकीचा आधार सुमारे तेरा महिने टिकतो आणि कर्नल मात्र आवृत्तीच्या मधेही पुढे जात राहतो. वर्षातून एकदा मोठं अपग्रेड करायची तयारी असेल, तर नव्या लॅपटॉपसाठी फेडोरा उत्तम.

माझ्या लॅपटॉपला कोणती पद्धत योग्य?

यंत्राचं वय बघा. दोन-तीन वर्षांहून जुनं यंत्र स्टेबलवर सहसा पूर्ण चालतं. नुकतंच बाजारात आलेलं यंत्र घेतलं असेल, तर वायफाय, टचपॅड, आवाज किंवा ग्राफिक्स यातलं काहीतरी जुन्या कर्नलला ओळखूच येत नाही. उदाहरणार्थ, डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आणि मेसा हे ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर २२.३ होतं. २०२५ मध्ये आलेली एएमडीची ग्राफिक्स कार्डं त्यावर नीट चालण्याची शक्यताच नव्हती.

अशा वेळी लगेच रोलिंगवर उडी मारू नका. उबुंटू एलटीएसवर एचडब्ल्यूई नावाचा नवा कर्नल मिळतो, डेबियनवर बॅकपोर्ट्स भांडारातून नवा कर्नल घेता येतो. आधी फेडोराची लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टीम) लावा आणि इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, झाकण बंद करून झोपणं-उठणं, ब्राइटनेसची बटणं आणि बाहेरचा प्रोजेक्टर एवढं तपासा. लाइव्ह यूएसबीवर चाललं तर नव्या कर्नलने प्रश्न सुटतो हे कळलं. मग तो कोणत्या मार्गाने घ्यायचा ते ठरवा.

एनव्हीडियाचं कार्ड असेल तर?

मग जास्त विचार करा. एनव्हीडियाचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा आहे, त्यामुळे कर्नल बदलला की त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) पुन्हा तयार व्हावं लागतं. डीकेएमएस हे साधन ते काम आपोआप करतं, पण त्याला त्याच कर्नलचे हेडर्स (बांधणीसाठी लागणाऱ्या फायली) लागतात. हेडर्स नसतील, किंवा कर्नल इतका नवा असेल की ड्रायव्हर त्यावर कंपाइल होत नाही, तर पुढच्या बूटला काळा पडदा दिसतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सहीसुद्धा लागते. उबुंटू आणि मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर त्यासाठी एक पासवर्ड ठरवायला लावतो आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तो विचारतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की ड्रायव्हर लोड होत नाही.

रोलिंगवर जुन्या कार्डांचा आणखी एक धोका असतो. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चमध्ये ५९० मालिकेचा ड्रायव्हर आला आणि जीटीएक्स १०५०, १०६० अशा पास्कल पिढीच्या कार्डांचा आधार मुख्य पॅकेजमधून गेला. सूचना न वाचता अपडेट करणाऱ्यांचा डेस्कटॉप उघडेना. उपाय होता, पण जुनी पॅकेजेस काढून एयूआर या वापरकर्त्यांच्या भांडारातून ५८० मालिकेचा ड्रायव्हर हाताने टाकायचा होता. डेबियन १३ ५५० मालिकेवर आहे, म्हणून तिथे त्याच कार्डांना काही झालं नाही. जीटीएक्स १६५० किंवा त्यानंतरचं कार्ड असेल तर हा त्रास नाही.

रोलिंगवर अपडेट कधी आणि कसं करायचं?

आठवड्यातून किंवा फार तर पंधरा दिवसांतून एकदा, हाताशी अर्धा तास असताना. ऑनलाइन परीक्षा, मुलाखत किंवा रिटर्न भरायचा शेवटचा दिवस अशा वेळी अजिबात नाही.

आधी डिस्ट्रोच्या मुखपृष्ठावरच्या सूचना वाचा. आर्च दर थोड्या महिन्यांनी 'हाताने काही करावं लागेल' अशी सूचना देते. जून २०२५ मध्ये फर्मवेअरचं एक पॅकेज अनेक भागांत विभागलं गेलं. तेव्हा जुनं पॅकेज काढून मग अपडेट केलं नाही, तर काहींचं काम अडत होतं. सूचना वाचली तर दोन मिनिटांचं काम, नाही वाचली तर संध्याकाळ गेली.

मग स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या क्षणाची प्रत, घ्या आणि अपडेट चालवा. आर्चवर आज्ञा 'पॅकमॅन -एसवाययू', टम्बलवीडवर 'झिपर डप'. टम्बलवीडवर 'झिपर अप' वापरू नका, त्याने पॅकेजेसचा मेळ बसत नाही. अपडेटने छापलेले इशारे शेवटपर्यंत वाचा. '.पॅकन्यू' संपणाऱ्या फायली तयार झाल्या असतील तर 'पॅकडिफ' चालवून तुमच्या जुन्या सेटिंगशी त्या जुळवा. हे वर्षभर टाळलं की एखाद्या दिवशी लॉगिनच होत नाही आणि कारण सापडत नाही. कर्नल बदलला असेल तर काम संपताच रीस्टार्ट करा.

वीज हाही मुद्दा आहे. लोडशेडिंगच्या भागात डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर मोठं अपडेट चालू असताना वीज जाणं हे सिस्टीम मोडण्याचं एक नेहमीचं कारण असतं, कारण लायब्ररीच्या फायली शून्य बाइटच्या होऊन बसतात. डेबियन-उबुंटूवर बहुतेक वेळा 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ने अर्धवट राहिलेलं काम पुरं होतं. आर्चवर लाइव्ह यूएसबी वापरावी लागते. लॅपटॉप असेल तर बॅटरी निम्म्याहून अधिक असू द्या.

चार महिने अपडेट केलं नाही, आता काय?

आर्चवर आधी 'आर्चलिनक्स-कीरिंग' हे सह्या तपासणाऱ्या किल्ल्यांचं पॅकेज ताजं करा आणि लगेच पूर्ण अपडेट करा. किल्ल्या जुन्या असल्या की सह्या पटत नाहीत आणि प्रत्येक पॅकेज बिघडलेलं असल्याचा संदेश येतो. गेल्या चार महिन्यांतल्या सगळ्या सूचना क्रमाने वाचा. डेबियन स्टेबल चार महिन्यांनी उघडलं तरी अपडेट निमूट होतं. जे यंत्र फक्त सुट्टीत वापरलं जातं, त्यावर रोलिंग टाकू नये.

फक्त एकच पॅकेज नवं करून घेतलं तर चालतं का?

रोलिंगवर नाही. यादी ताजी करून एकच पॅकेज घेतलं, म्हणजे 'पॅकमॅन -एसवाय' आणि पुढे नाव, की ते नव्या लायब्ररीची अपेक्षा धरून येतं आणि बाकी सिस्टीम जुन्याच लायब्ररीवर असते. मग ब्राउझर उघडत नाही, आणि लायब्ररी मूलभूत असली तर टर्मिनलही नाही. घेतलं तर सगळं घ्या.

अपडेटनंतर पेनड्राइव्ह लागत नाही, पण काल लागत होता. का?

आर्चवर नवा कर्नल आला की जुन्याची मॉड्यूल्स डिस्कवरून काढली जातात, पण चालू असतो तो जुनाच कर्नल. पेनड्राइव्ह लावल्यावर लागणारं फाइलसिस्टीमचं मॉड्यूल त्याला सापडत नाही. रीस्टार्ट केलं की झालं. डेबियन आणि उबुंटू जुना कर्नल ठेवूनच नवा टाकतात, म्हणून तिथे असं होत नाही.

सिस्टीम सुरूच झाली नाही तर?

घाबरून फॉरमॅट करू नका. पायरीपायरीने जा.

१. बूट मेनूत दुसरा कर्नल निवडा. उबुंटू, मिंट, डेबियनवर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' खाली जुना कर्नल असतो. आर्चवर तो तुम्हीच ठेवावा लागतो, म्हणून इन्स्टॉल करतानाच 'लिनक्स-एलटीएस' हे पॅकेज घ्या आणि बूट मेनू पुन्हा तयार करा.

२. कर्नल सुरू होतो पण डेस्कटॉप येत नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन करा. आर्चवर पॅकमॅनच्या लॉगमध्ये शेवटच्या अपडेटला काय काय बदललं ते दिसतं. संशयित पॅकेजची मागची प्रत पॅकमॅनच्या कॅशमध्ये असते, ती 'पॅकमॅन -यू' ने परत बसवा. म्हणूनच जागा मोकळी करायला कॅश पूर्ण रिकामी करू नका. 'पॅककॅश' हे साधन मागच्या तीन प्रती ठेवून बाकीच्या काढतं, तेवढं पुरे.

३. यातलं काहीच जमत नसेल तर लाइव्ह यूएसबीने सुरू करा. रूट विभाग, म्हणजे जिथे सिस्टीम असते तो, माउंट करा (फाइलसिस्टीम बीटीआरएफएस असेल तर बरोबर सबव्हॉल्यूम), बूट विभाग त्यात माउंट करा आणि 'आर्च-क्रूट' ने आत जा. अर्धवट अपडेट पुरं करा, 'एमकेइनिटसीपीआयओ -पी' चालवा, गरज पडली तर बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) पुन्हा टाका. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या बूटलोडरच्या अपडेटनंतर आर्च आणि तिच्यावर आधारलेल्या एंडेव्हरओएसची काही यंत्रं सुरूच होईनाशी झाली, तेव्हा बूटलोडर पुन्हा टाकणं हाच उपाय होता.

ही लाइव्ह यूएसबी आजच बनवून ठेवा. यंत्र बंद पडल्यावर ती बनवायला दुसरा संगणक शोधत फिरावं लागतं.

टाइमशिफ्ट लावलं म्हणजे निश्चिंत राहता येईल का?

बरंचसं. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉट घेणारं साधन सोबतच येतं. टम्बलवीडवर बीटीआरएफएस आणि स्नॅपर हे स्नॅपशॉटचं साधन आधीच जोडलेले असतात, प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर स्नॅपशॉट निघतो आणि बूट मेनूतून मागच्या स्नॅपशॉटमध्ये जाता येतं. रोलिंग घ्यायचीच असेल तर आमची पहिली शिफारस टम्बलवीडची असते, ती यासाठी. शिवाय तिथला प्रत्येक संच ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणीतून जातो.

हाताने लावलेल्या आर्चवर मात्र एक खाचखळगा आहे. कर्नल फॅट३२ च्या बूट विभागात ठेवलेला असेल, तर तो स्नॅपशॉटमध्ये येत नाही. मागे गेलात की मॉड्यूल्स जुनी आणि कर्नल नवा, म्हणजे पुन्हा तोच घोळ. एक तर बूट विभाग रूटच्या आतच ठेवा, नाहीतर त्याची प्रत वेगळी काढायची सोय करा. विंडोजने केलेला १०० एमबीचा ईएफआय विभाग तसाच 'बूट' म्हणून वापरला तर दोन कर्नलनंतर तो भरतो आणि अपडेट अर्ध्यावर अडकतं. एक जीबी ठेवा.

आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर वेगळे हवेतच.

स्टेबलवर नवं ॲप हवं असेल तर?

फ्लॅटपॅक, म्हणजे सिस्टीमपासून वेगळं राहणारं ॲपचं पॅकेज, वापरा. फ्लॅटहबवरून लिबरऑफिस, गिंप, ओबीएस यांच्या ताज्या आवृत्त्या मिळतात आणि खालची सिस्टीम जागची हलत नाही. पहिल्या ॲपला रनटाइमसकट (ॲप चालायला लागणाऱ्या सामायिक फायली) एक जीबीपर्यंत डाउनलोड होऊ शकतं, पुढच्या ॲपना तोच रनटाइम चालतो. बहुतेक घरांसाठी स्टेबल पाया आणि वर दोन-चार फ्लॅटपॅक हीच जोडी आम्ही सुचवतो. रोलिंगकडे ओढणारं निम्मं कारण तिथेच संपतं.

डेबियनच्या भांडारांच्या यादीत उबुंटूचं पीपीए हे बाहेरचं भांडार किंवा डेबियनचीच अनस्टेबल शाखा मात्र मिसळू नका. सहा महिने काही होत नाही, आणि मोठ्या अपग्रेडच्या दिवशी अवलंबित्वाचा असा गुंता होतो की नव्याने इन्स्टॉल करणं सोपं पडतं.

मग डेबियन टेस्टिंग हा मधला मार्ग नाही का?

दिसतो तसा, पण नाही. टेस्टिंगमध्ये पॅकेज अनस्टेबलमधून काही दिवस थांबून येतं, आणि सुरक्षेची दुरुस्तीही बहुधा त्याच रांगेतून येते. नव्या आवृत्तीआधी काही महिने सगळं गोठतं. म्हणजे ताजेपणही पुरतं नाही आणि सुरक्षेची तत्परताही नाही.

मांजारो आणि एयूआर?

मांजारो ही आर्चवर आधारलेली डिस्ट्रो आर्चची पॅकेजेस थोडा काळ अडवून ठेवते. एयूआर मात्र आजच्या आर्चला धरून लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र वापरले की आवृत्त्या जुळत नाहीत. आर्चची सोपी वाट हवी असेल तर एंडेव्हरओएस घ्या.

एयूआर हे वापरकर्त्यांनी टाकलेल्या बांधणी-फायलींचं भांडार आहे, तपासलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरची सुधारित पॅकेजेस म्हणून टाकलेल्या काही नोंदींत दूरवरून ताबा घेणारं मालवेअर निघालं. प्रत्येक वेळी बांधणी-फाइल उघडून डाउनलोड कुठून होतंय ते बघा. बघायची तयारी नसेल तर एयूआर वापरूच नका.

मराठी टायपिंग बिघडतं का?

बिघडतं ते बहुधा डेस्कटॉप एक्स११ या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवरून वेलँड या नव्या व्यवस्थेवर जाताना. केडीई या डेस्कटॉपच्या वेलँड सत्रात आयबस किंवा फसिटएक्स ५ हे टायपिंगचं साधन नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही. सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या ठिकाणी ते निवडावं लागतं, नाहीतर काही ॲपमध्ये देवनागरी उमटतं आणि काहींत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या नोम ४९ या डेस्कटॉपमध्ये एक्स११ सत्र मुळातच बंद ठेवलेलं आहे. रोलिंगवाल्यांपर्यंत हा बदल लवकर पोचला, स्टेबलवाल्यांना तो पुढच्या मोठ्या अपग्रेडला भेटेल.

इनस्क्रिप्ट येत असेल तर सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे थेट कीबोर्ड लेआउटमधून मराठी इनस्क्रिप्ट जोडणं. त्याला आयबस लागतच नाही.

प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन?

इथे स्टेबलचं पारडं जड आहे. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि कार्यालयांत खूप दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर सीएपीटी या खास पद्धतीवर चालतो, आणि कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरला ३२-बिट लायब्ररी लागतात. उबुंटू एलटीएसवर एकदा बसवला की चालत राहतो. रोलिंगवर एखाद्या लायब्ररीच्या बदलाने तो कधीही थांबू शकतो. टोकनचे ड्रायव्हरही बहुधा उबुंटूसाठीचं डेब पॅकेज म्हणून मिळतात. निविदा भरणाऱ्यांनी किंवा सीएच्या कार्यालयाने रोलिंगच्या वाटेला जाऊ नये.

मोबाइलच्या डेटावर रोलिंग परवडते का?

अवघड आहे. टम्बलवीडवर कंपायलर बदलला की जवळजवळ सगळी पॅकेजेस पुन्हा तयार होतात आणि एकाच अपडेटला दोन-तीन जीबी लागू शकतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही. डेबियन स्टेबलचं महिन्याचं अपडेट त्या मानाने फार लहान असतं.

रोलिंगवरून स्टेबलवर परत जाता येतं का?

त्याच इन्स्टॉलमध्ये नाही. डेबियन स्टेबलवरून टेस्टिंग किंवा अनस्टेबलकडे जाता येतं, पण उलटा प्रवास समर्थित नाही. आर्चवरून मिंटवर यायचं म्हणजे नवं इन्स्टॉल. होम विभाग वेगळा असेल तर फायली राहतात, पण सेटिंग्ज जशाच्या तशा वापरू नका. नव्या फायरफॉक्सने वापरलेला प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडत नाही, तुम्ही जुनी आवृत्ती चालवताय असं सांगून नवा प्रोफाइल करायला लावतो. केडीई आणि नोमच्या सेटिंग फायलींचंही असंच होतं. म्हणून निघण्याआधी बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये काढून घ्या, नव्या सिस्टीमवर वेगळ्या नावाचा वापरकर्ता बनवा आणि जुन्या होममधून फक्त कागदपत्रं, फोटो आणि डाउनलोड एवढीच फोल्डर्स आणा. पासवर्डची फाइल उघड्या मजकुरात असते. आयात झाली की ती लगेच पुसा.